हरवतात अनेक, पुकारा एखाद्याचाच

सप्टेंबर २०२१मध्ये अमेरिकेतील जवळजवळ प्रत्येक वृत्तवाहिनीवर एकच चेहरा होता. २२ वर्षांची एक गोरी तरुणी आपल्या नियोजित वरासोबत पांढऱ्या व्हॅनमधून पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्याने पाहत फिरत होती आणि प्रवासाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकत होती. ऑगस्टअखेर तिचा घरच्यांशी संपर्क तुटला, तो तरुण एकटाच फ्लोरिडाला परतला आणि ११ सप्टेंबरला तिच्या कुटुंबाने ती बेपत्ता असल्याची तक्रार नोंदवली. आठच दिवसांनी, १९ सप्टेंबरला, वायोमिंग राज्यातील ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानालगतच्या जंगलात तिचा मृतदेह सापडला. त्या दिवसांत भारतातील संकेतस्थळेही ही बातमी पुन्हा पुन्हा देत होती.

त्याच उन्हाळ्यात हरवलेली इतर माणसेही होती. ॲरिझोनाच्या वाळवंटातील कामाच्या जागेवरून निघालेला २४ वर्षांचा कृष्णवर्णीय भूगर्भशास्त्रज्ञ जूनपासून बेपत्ता होता आणि त्याचे वडील दुसऱ्या राज्यातून येऊन, स्वयंसेवक गोळा करून, स्वतः तो परिसर पालथा घालत होते. इलिनॉय राज्यातील २५ वर्षांचा कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थी ऑगस्टमध्ये नाहीसा झाला. नदीत सापडलेला मृतदेह त्याचाच आहे हे ठरायला जवळपास तीन आठवडे लागले आणि आपल्या मुलाकडे इतके दुर्लक्ष का, असे त्याच्या आईने जाहीरपणे विचारले. कॅलिफोर्नियात कोरियन वंशाची एक ३० वर्षांची स्त्री जूनअखेरपासून सापडत नव्हती. बहुतेक अमेरिकनांनी या सगळ्यांची नावे प्रथम ऐकली ती त्या गोऱ्या तरुणीच्या बातमीच्या शेपटीला बांधलेली: ‘तिला एवढी प्रसिद्धी मिळाली, मग यांना का नाही?’

हा प्रश्न विचारला की दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली अशी की, पत्रकार वंशद्वेष्टेच असतात. दुसरी अशी की, मरणाऱ्यांचाही रंग मोजत बसणे हा कद्रूपणा आहे. दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत, कारण एकेक बातमी सुटी घेऊन तपासली तर तीत बहुधा काहीच खोट सापडत नाही. हरवलेल्या तरुणीची बातमी देणे योग्यच होते. खोट दिसते ती वर्षभराच्या सगळ्या बातम्यांची बेरीज केल्यावर.

दुखण्याला नाव कसे मिळाले

२००४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या ‘युनिटी’ या पत्रकारांच्या अधिवेशनात ग्वेन आयफिल यांनी या प्रकाराला ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’ असे उपरोधिक नाव दिले. आयफिल या ‘पीबीएस’ या सार्वजनिक वाहिनीवरील ज्येष्ठ पत्रकार आणि स्वतः कृष्णवर्णीय होत्या. गोरी, तरुण आणि शक्यतो मध्यमवर्गीय स्त्री हरवली की माध्यमे तिच्या बातमीने झपाटून जातात, आणि इतर कोणी हरवले की त्यांना त्याची फारशी दखलही घ्यावीशी वाटत नाही, असा त्या शब्दप्रयोगाचा आशय. वैद्यकातला शब्द वापरण्यात खोच अशी की रुग्णाला आपण आजारी आहोत हेच ठाऊक नसते.

आणखी एक शब्द येथेच स्पष्ट करून ठेवतो. अमेरिकेत ‘पीपल ऑफ कलर’ म्हणतात त्यांना या लेखात श्वेतेतर म्हटले आहे. कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाचे, अमेरिकेचे मूळनिवासी आणि आशियाई वंशाचे लोक त्यांत येतात. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तिकडे गेलेला मराठी माणूस पोलिसांच्या नोंदवहीत ‘आशियाई’ या रकान्यात, म्हणजे श्वेतेतरांमध्येच बसतो, ही गोष्ट आपल्याकडे सहसा लक्षात घेतली जात नाही.

नाव नवे असले तरी दुखणे जुने आहे. १९६७च्या शहरी दंगलींनंतर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८च्या अहवालात वृत्तपत्रांवर स्पष्ट ठपका ठेवला होता की, ती गोऱ्यांच्या जगात बसून, बाहेर पाहिलेच तर गोऱ्या पुरुषाच्या नजरेने पाहतात.

आयफिल यांनी हे नाव दिले त्याच वर्षी साउथ कॅरोलिनातील स्पार्टनबर्ग येथे २४ वर्षांची एक कृष्णवर्णीय तरुणी नाहीशी झाली. तिची मावशी-आत्याच्या नात्यातील एक स्त्री जनसंपर्क व्यवसायातच होती. पत्रकारांना कसे गाठावे, बातमी कशी मांडावी हे तिला नेमके ठाऊक होते. तरीही राष्ट्रीय वाहिन्यांना तिकडे वळवताना तिची दमछाक झाली. पुढल्या वर्षी जॉर्जिया राज्यात लग्नाच्या तोंडावर काही दिवस बेपत्ता झालेली एक गोरी वधू मात्र देशभर गाजली, आणि ती आपणहून निघून गेली होती असे नंतर उघड झाले. स्पार्टनबर्गच्या प्रकरणातून प्रेरणा घेऊन डेरिका विल्सन आणि नॅटली विल्सन या एकाच कुटुंबातील दोघींनी २००८ मध्ये ‘ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. डेरिका पूर्वी पोलीस दलात होत्या आणि नॅटली जनसंपर्क क्षेत्रात. हरवलेल्या माणसासाठी नेमकी कोणती दोन दारे ठोठवावी लागतात, हे या जोडीवरूनच कळते.

जत्रेतला माईक

जत्रेत पोर हरवले की आईबाप मंडपातल्या माईककडे धावतात. ‘लाल सदरा, वय सात वर्षे, कोणाला आढळल्यास मंडपाजवळ आणून सोडावे,’ असा पुकारा होतो. पुकारा स्वतः मुलाला शोधत नाही. तो हजारो अनोळखी डोळ्यांना त्या कामाला लावतो. पाळण्याजवळ रडणारे पोर आधीही दहा जणांना दिसलेले असते, पण ते कोणाचे तरी हरवलेले आहे हे पुकाऱ्यानंतरच त्यांना उमगते.

हरवलेल्या माणसाच्या बातमीचे काम हेच आहे. वर सांगितलेल्या प्रकरणात व्हॅनचा माग लागला तो एका प्रवासी कुटुंबामुळे. रस्त्याने जाताना त्यांचा कॅमेरा सुरू होता. बातमी ऐकल्यावर त्यांनी आपले जुने चित्रीकरण काढून पाहिले, तर जंगलातल्या तळाजवळ उभी असलेली ती पांढरी व्हॅन त्यात दिसली. एवढेच नव्हे, तर टेक्सासहून आलेला आणि त्याच डोंगरांत ऑगस्टपासून बेपत्ता असलेला एक पुरुषही त्या गदारोळामुळे सापडला. त्या भागाकडे सगळ्यांचे लक्ष वळल्यावर काहींना आपण त्याला पाहिल्याचे आठवले, त्यांनी कळवले, आणि शोधपथकाला २८ सप्टेंबरला त्याचा मृतदेह मिळाला.

आता असे समजा की माईकवर बसलेला माणूस काही मुलांचा पुकारा दर पाच मिनिटांनी करतो, काहींचा एकदाच पुटपुटतो, आणि काहींच्या बापाला ‘येईल फिरून, उनाडच दिसतोय’ असे सांगून परत पाठवतो. त्याच्या मनात आकस असेलच असे नाही. ओळखीचे आडनाव आणि आपल्या मुलासारखा चेहरा दिसला की जीव अधिक कळवळतो, इतकेच. पण संध्याकाळी कोणाची मुले घरी पोचली आणि कोणाची नाही, याचा हिशेब मांडला तर तो कळवळा निर्दोष राहत नाही.

बेरीज काय सांगते

अमेरिकेतील पोलीस ठाणी हरवलेल्यांची नोंद ‘एफबीआय’च्या राष्ट्रीय संगणकीय नोंदवहीत करतात. २०२२ या एका वर्षात अशा ५,४६,५६८ नोंदी झाल्या. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यांतील बहुसंख्य नोंदी अल्पवयीन मुलांच्या असतात, एकाच मुलाची नोंद अनेकदा होऊ शकते आणि बहुतेक जण परत येतात. वर्षअखेर सुमारे ९७ हजार नोंदी उघड्या होत्या. कृष्णवर्णीयांचे लोकसंख्येतील प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आहे, पण हरवलेल्यांच्या नोंदींत त्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो.

लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांचे काय, असे कोणी विचारले तर या नोंदवहीतून सरळ उत्तर मिळत नाही, कारण तिच्या वंशाच्या रकान्यात ते ‘गोरे’ म्हणूनच मोजले जातात. म्हणजे बातम्यांमध्ये ज्यांना गोरेपणाचा लाभ मिळत नाही, त्यांना आकडेवारीत मात्र गोरे केले जाते. अशा नोंदवहीवर विसंबून कोणी ‘गोऱ्यांच्या नोंदीच जास्त आहेत’ असा युक्तिवाद केला, तर तो सावधपणेच ऐकायला हवा.

समाजशास्त्रज्ञ झॅक सोमर्स यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार वृत्तसंकेतस्थळांवरील बातम्या ‘एफबीआय’च्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यांनी दोन प्रश्न वेगळे काढले. हरवलेल्या व्यक्तीची बातमी मुळात आली का, आणि आली तर तिच्यावर किती बातम्या आल्या? दोन्ही टप्प्यांवर वंश आणि लिंग यांनुसार तफावत आढळली. कृष्णवर्णीय मागे राहिले आणि पुरुषही मागे राहिले. पुढे २०२२ मध्ये ‘कोलंबिया जर्नलिझम रिव्ह्यू’ या नियतकालिकाने एक संकेतस्थळच तयार केले. तेथे आपले वय, लिंग, वंश आणि गाव भरले की आपण हरवल्यास साधारण किती बातम्या येतील याचा अंदाज मिळतो. कल्पना विक्षिप्त वाटेल, पण दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते असा स्वतःचा ‘भाव’ पाहिल्यावर पटते.

सर्वांत बोचरा अहवाल मात्र वायोमिंगचाच आहे. जेथे त्या तरुणीचा मृतदेह सापडला त्याच राज्यातील विद्यापीठाने तिच्या बेपत्ता होण्याच्या काही महिने आधी, जानेवारी २०२१ मध्ये, तो प्रसिद्ध केला होता. २०११ ते सप्टेंबर २०२० या काळात त्या राज्यात ७१० मूळनिवासी व्यक्तींच्या बेपत्ता होण्याच्या नोंदी झाल्या होत्या. खून झालेल्यांपुरते पाहिले, तर गोऱ्या बळींपैकी ५१ टक्क्यांची बातमी वृत्तपत्रांत आली होती, मूळनिवासींपैकी ३० टक्क्यांची आणि मूळनिवासी स्त्रियांपैकी केवळ १८ टक्क्यांची.

बातमी अडते कुठे?

सगळा दोष वृत्तकक्षावर टाकणे सोपे आहे, पण बातमी त्याच्या बऱ्याच आधी अडते. हरवलेल्या माणसाची वार्ता पत्रकारापर्यंत बहुतेक वेळा पोलिसांच्या प्रेसनोटमधून येते. पोलिसांनी नोंदच घेतली नाही किंवा चुकीच्या सदरात घेतली, तर वृत्तकक्षाला काही कळतच नाही. वरच्या पाटाचे दार बंद असले की खालच्या शेतात पाणी का येत नाही, हे खालच्या शेतातच उभे राहून शोधण्यात अर्थ नसतो.

यातले सर्वांत घातक सदर म्हणजे ‘पळून गेलेली’. अमेरिकेत ‘अँबर अलर्ट’ नावाची व्यवस्था आहे. १९९६ मध्ये टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे एका नऊ वर्षांच्या मुलीचे अपहरण होऊन तिचा खून झाला. त्यानंतर ही व्यवस्था तिच्याच नावाने उभी राहिली. तीत मोबाईल, दूरचित्रवाणी आणि महामार्गांवरील फलक यांवरून क्षणार्धात इशारा जातो. मात्र वय १७ किंवा त्याहून कमी असावे आणि अपहरणच झाले आहे असे मानायला पोलिसांपाशी आधार असावा, या तिच्या मुख्य अटी आहेत. १५ वर्षांची मुलगी ‘पळून गेलेली’ या सदरात पडली की ती या व्यवस्थेबाहेर जाते, प्रेसनोट निघत नाही, आणि निघालीच तरी डेस्कवरच्या उपसंपादकाला तीत बातमी दिसत नाही. मुलगी स्वतःच्या पायांनी घराबाहेर पडली असेलही. तिला कोणी फूस लावली, पुढे ती कोणाच्या हाती पडली, हे प्रश्न त्या एका शब्दाने संपत नाहीत. कृष्णवर्णीय मुलींवर हा शिक्का फार सहज मारला जातो, अशी त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांची अनेक वर्षांची तक्रार आहे.

मूळनिवासींच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. त्यांच्या राखीव प्रदेशांत गुन्ह्याचा तपास कोणी करायचा, जमातीच्या पोलिसांनी, राज्याने की केंद्राने, हे गुन्हेगार कोण, बळी कोण आणि जमीन कोणाची यांवर ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८च्या एका निकालाने तर जमातीच्या न्यायालयांचा बाहेरच्या व्यक्तींवर फौजदारी खटला चालवण्याचा अधिकारच नाकारला. पुढे काही विशिष्ट गुन्ह्यांपुरता तो कायद्याने परत मिळाला. हद्दीचा वाद म्हणजे काय, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. त्या वादात पहिले दिवस निघून जातात, आणि हरवलेल्या माणसाच्या शोधात पहिले दिवसच मोलाचे असतात.

परिणामी नोंदीच एकमेकींशी जुळत नाहीत. ‘अर्बन इंडियन हेल्थ इन्स्टिट्यूट’ या संस्थेने २०१८ मध्ये दाखवून दिले की, २०१६ या वर्षात मूळनिवासी स्त्रिया आणि मुली हरवल्याच्या ५,७१२ नोंदी ‘एफबीआय’च्या वहीत होत्या, पण न्याय खात्याच्या जनतेसाठी खुल्या असलेल्या दुसऱ्या नोंदवहीत त्यांपैकी ११६ च होत्या. दुसरी नोंदवही पत्रकार आणि सामान्य नागरिक पाहू शकतात, पहिली पाहू शकत नाहीत. मग ‘आम्हाला कळले असते तर बातमी दिली असती’ असे सांगणारा पत्रकार खोटे बोलत असतो असे म्हणता येत नाही, आणि ‘आमच्या लेकी कोणी मोजतच नाही’ असे म्हणणारी आईही खरेच बोलत असते.

विशेषणांचा पक्षपात

बातमी आली म्हणजे न्याय झाला असे नाही. ती कशी आली हेही पाहावे लागते. वायोमिंगच्या त्याच अहवालात आढळले की, मूळनिवासी बळींच्या बातम्यांत हिंसेचे वर्णन अधिक भडक होते, व्यक्तीचे चित्र अधिक नकारात्मक होते आणि तिच्याविषयीची माहिती कमी होती. एकीची ओळख ‘लाडकी मुलगी, हसतमुख विद्यार्थिनी’ अशी होते, तर दुसरीच्या ओळखीत जुना किरकोळ गुन्हा, व्यसन किंवा बदनाम वस्ती पहिल्याच परिच्छेदात येते. छायाचित्राचेही तसेच. एकीचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो छापला जातो, तर दुसऱ्याचा कधीकाळी पोलिसांनी काढलेला. वाचकाचे मन या दोन गोष्टींवरच ठरते की हे माणूस शोधण्याजोगे आहे की आपल्या कर्माने गेलेले.

कॅनडातील संशोधक क्रिस्टन गिलख्रिस्ट यांनी २०१० मध्ये तीन मूळनिवासी आणि तीन गोऱ्या स्त्रियांच्या प्रकरणांतील स्थानिक बातम्या शेजारी ठेवून पाहिल्या. गोऱ्या स्त्रियांना सुमारे साडेतीनपट अधिक प्रसिद्धी मिळाली होती, त्यांच्या बातम्या मोठ्या होत्या आणि पहिल्या पानावर अधिक वेळा होत्या. नमुना लहान आहे हे मान्य. पण सहा घरांतले दुःख सारखेच होते हेही मान्य करावे लागेल.

दुर्लक्षाची किंमत

कोणी पाहत नाही, हे सर्वांत आधी गुन्हेगाराला कळते. २००९च्या शरद ऋतूत क्लीव्हलँड शहरातील इम्पीरियल ॲव्हेन्यूवरच्या एका घरात आणि त्याच्या परसात ११ स्त्रियांचे अवशेष सापडले. सगळ्या कृष्णवर्णीय होत्या, आणि त्यांतील अनेक जणी गरिबी व व्यसन यांच्याशी झगडत होत्या. त्या गल्लीत कित्येक महिने दुर्गंधी येत होती. शेजारच्या सॉसेजच्या कारखान्याचा तो वास असावा अशी लोकांची समजूत होती आणि कारखानदाराने खर्च करून आपली गटारेही दुरुस्त करून घेतली होती. हरवल्याची तक्रार घेऊन गेलो तेव्हा पोलिसांनी ती मनावर घेतली नाही, असे अनेक कुटुंबांनी सांगितले. गुन्हेगाराला २०११ मध्ये शिक्षा झाली. शहराच्या महापौरांनी नेमलेल्या समितीने हरवलेल्यांच्या तक्रारी हाताळण्याची सारी पद्धतच बदलण्याच्या शिफारशी केल्या.

कॅनडातील व्हँकूव्हर शहराची कथा याहून मोठी आहे. तेथील डाउनटाउन ईस्टसाइड या गरीब वस्तीतून वर्षानुवर्षे स्त्रिया नाहीशा होत होत्या, त्यांत मूळनिवासींचे प्रमाण मोठे होते. शेवटी एका डुक्करपालकाच्या शेतावर ३३ स्त्रियांचे डीएनए सापडले. चौकशी आयुक्त वॉली ओपल यांनी २०१२च्या अहवालात नमूद केले की, पोलिसांच्या चुका ढळढळीत होत्या आणि त्यांच्यामागे व्यवस्थेत मुरलेला पूर्वग्रह होता. स्त्रियांच्या नातेवाइकांनी मोर्चे काढले, फलक लावले, आणि कित्येक वर्षे त्यांच्या मोर्च्यांची बातमी आतल्या पानावर राहिली.

‘पाच लाखांची बातमी कशी देणार?’

हा आक्षेप रास्त आहे. पानाला कडा असतात आणि बातमीपत्राला वेळ. निःपक्षपातीपणाचा अर्थ प्रत्येकाला तितकीच मिनिटे वाटून देणे असा घेतला, तर तो अशक्यही ठरेल आणि निरर्थकही, कारण घरी रुसून मैत्रिणीकडे गेलेला मुलगा आणि औषधाविना हरवलेली वृद्धा यांना सारखेच वजन देणे कोणाच्याच हिताचे नाही. रुग्णालयातल्या अपघात विभागात डॉक्टर रांगेचा क्रम पाळत नाही, तो जखम पाहतो. तसे करण्यात अन्याय नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा जखमेऐवजी कपडे पाहिले जातात.

म्हणून वृत्तकक्षाने काय करावे याचे उत्तर बऱ्यापैकी नीरस आहे. जीविताला धोका आहे का, वय किती, शेवटचे कोठे दिसले, लोकांच्या मदतीने शोध लागण्याजोगा आहे का, हे प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि प्रत्येक प्रकरणाला तेच लावावेत. जुना गुन्हा किंवा व्यसन यांचा उल्लेख शोधाला मदत करत असेल तरच करावा, आणि तो नियम सर्वांना सारखा असावा. छायाचित्र कुटुंबाकडून मागून घ्यावे. पाठपुराव्याची तारीख पहिल्याच दिवशी वहीत टाकावी. आणि दर तिमाहीला कोणाकोणाच्या बातम्या दिल्या याची मोजदाद करावी, कारण हा दोष बेरजेतच राहतो आणि बेरीज केल्याशिवाय कोणत्याही सज्जन संपादकाला तो आपल्यात दिसत नाही.

‘वाचकांनाच तेच हवे असते’

वडापावच्या ज्या गाडीवर गर्दी असते तिथेच नवे गिऱ्हाईक थांबते. बातमीचेही तसेच असते. पहिल्या दिवशी तीन वाहिन्यांनी एक चेहरा दाखवला की लोक त्याच्याविषयी शोधतात, ते शोध पाहून चौथी वाहिनी तो दाखवते, आणि आठवड्याने सगळे म्हणतात की मागणी वाचकांचीच होती. ज्या चेहऱ्याला पहिला दिवसच मिळाला नाही, त्याच्याविषयी वाचकांना काय हवे होते, हे कोणी विचारलेलेच नसते. वाचकांची आवड खरी असते, पण ती बरीचशी वाढलेल्या ताटातूनच घडते.

‘प्रश्न रंगाचा नसून पैशाचा आहे’

अर्धे खरे. भरपूर चांगली छायाचित्रे, बोलण्यात तरबेज नातेवाईक, वकील, ओळखी, हे सारे पैशासोबत येते, आणि गरीब गोऱ्या कुटुंबातला मध्यमवयीन पुरुष हरवला तर त्याच्याकडेही कोणी पाहत नाही. सोमर्स यांच्या अभ्यासातही एकट्या रंगाने सगळे उलगडत नाही. पण स्पार्टनबर्गच्या त्या नातेवाईक स्त्रीकडे नेमके हेच कौशल्य होते, तरीही दार उघडायला वेळ लागला. पैसा आणि रंग हे दोन वेगळे अडसर आहेत, आणि एक काढला म्हणजे दुसरा आपोआप निघत नाही.

‘एवढी प्रसिद्धी मिळणे भाग्याचे असते का?’

२०२१च्या त्या प्रकरणात तरुणीच्या कुटुंबाच्या घराबाहेर कॅमेऱ्यांचा वेढा पडला आणि हौशी ‘शोधकां’नी तर्काचे कारखाने काढले. तरीही तिच्या वडिलांनी पत्रकार परिषदेत जे मागितले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे: आमच्या मुलीसाठी जे केलेत ते हरवलेल्या प्रत्येकासाठी करा. तमाशा सर्वांच्या वाट्याला यावा असे त्यांचे म्हणणे नव्हते. हवे होते ते शोधाला उपयोगी पडणारे लक्ष.

अति उत्साहाचीही एक किंमत असते. मार्च २०१७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये २४ तासांत १४ कृष्णवर्णीय मुली नाहीशा झाल्या, असा संदेश समाजमाध्यमांवर वणव्यासारखा पसरला. तो खोटा होता. शहरातील हरवण्याचे प्रमाण वाढलेले नव्हते. पोलिसांनी प्रत्येक गंभीर प्रकरण समाजमाध्यमांवर टाकायला नुकतीच सुरुवात केली होती, आणि जे आधीपासून घडत होते ते लोकांना प्रथमच एकत्र दिसले. माझ्या मते या घटनेतील खरी बातमी हीच होती. पोलिसांनी आकडा फुगल्याचा खुलासा केला आणि तो योग्यच होता, पण नेहमीचा, न फुगलेला आकडा पाहूनही लोकांना धक्का बसला होता, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. खोट्या आकड्याचा तोटा असा की तो खोडला गेल्यावर खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

‘मग वेगळा इशारा कशाला?’

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून ‘एबनी अलर्ट’ सुरू झाला. सिनेटर स्टीव्हन ब्रॅडफर्ड यांनी मांडलेल्या या कायद्यानुसार १२ ते २५ वयोगटातील कृष्णवर्णीय मुले-मुली आणि तरुण स्त्रिया हरवल्यास, स्थानिक पोलिसांच्या विनंतीवरून महामार्ग पोलीस हा इशारा देऊ शकतात. त्याआधी एक वर्ष तेथेच मूळनिवासींसाठी ‘फेदर अलर्ट’ आला होता, आणि वॉशिंग्टन राज्याने २०२२ मध्ये मूळनिवासींसाठी देशातला पहिला असा इशारा सुरू केला. वंशानुसार इशारे वेगळे करणे म्हणजे भेद संपवण्यासाठी आणखी भेद करणे होय, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. त्याचे उत्तर अटींमध्ये आहे. ‘अँबर’ला अपहरणाचा आधार लागतो आणि १७ ही वयोमर्यादा आहे, ‘पळून गेलेली’ म्हणून नोंदलेली १५ वर्षांची मुलगी आणि २० वर्षांची तरुणी या दोघी ज्या फटीतून खाली पडत होत्या, ती फट या नव्या इशाऱ्याने बुजवायची आहे. तरीही इशारा मागायचा की नाही हे पुन्हा स्थानिक पोलिसांनीच ठरवायचे असल्यामुळे, वरच्या पाटाचे दार त्यांच्याच हाती राहते.

नोंदींच्या बाबतीत हालचाल आहे, पण संथ. मूळनिवासींच्या प्रकरणांत पोलिसांनी माहिती कशी नोंदवावी आणि परस्परांना कशी द्यावी यासाठीचा ‘सवानाज ॲक्ट’ ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर झाला. दोन नोंदवह्या एकमेकींना जोडण्यासाठीच्या ‘बिलीज लॉ’वर डिसेंबर २०२२ मध्ये स्वाक्षरी झाली. मिनेसोटा राज्याने २०२३ मध्ये हरवलेल्या आणि खून झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन केले. देशातले ते पहिलेच. केंद्रीय कायद्यानुसार २१ वर्षांखालील व्यक्तीची नोंद ‘एफबीआय’च्या वहीत करणे पोलिसांना बंधनकारक आहे. त्याहून मोठ्या वयाच्या माणसाचे नाव त्या वहीत चढवावे असे केंद्राचे बंधन नाही, आणि जनतेसाठी खुल्या असलेल्या वहीत नाव घालण्याची सक्ती तर काही राज्यांतच आहे. ॲरिझोनातला तो भूगर्भशास्त्रज्ञ २४ वर्षांचा होता आणि इलिनॉयमधला विद्यार्थी २५ वर्षांचा.